दिवटीसाठी बेलभंडार

२१ ऑगस्ट २०२३, सोमवार

आज देवळात जाऊन शपथ घेऊन आले. मी! तीस वर्षं वर्गात उभं राहून "पुरावा काय?" म्हणत पोरांना छळणारी मी आज शेरटेकच्या महादेवासमोर हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन डोळे मिटून उभी होते. घरी आल्यापासून माझा नवरा शेखर हसतोय. "वनस्पतिशास्त्र हरलं की बाईसाहेब गाभाऱ्यात शिरतात," म्हणे. हस बाबा. माझं काम झालं.

शेरटेक म्हणजे बुलडाण्याहून देऊळघाटच्या अंगाने गेलं की डोंगराच्या कुशीतलं गाव. गावाच्या डोक्यावर अजिंठ्याच्या रांगेचा एक सपाट तुकडा आहे, त्याला सगळे वरचा माळ म्हणतात. त्या माळावरच्या बोटभर मातीत माझी दिवटी उगवते. कंदीलपुष्पाच्या गोतातलं वीतभर झाड, खाली सुपारीएवढा कंद. श्रावणात बहुधा एकच उभं फूल येतं, हिरवट-जांभळं, आणि वर पाकळ्यांची टोकं ज्योतीसारखी जुळलेली. जगात दुसरीकडे कुठे सापडल्याची नोंद नाही. हे वाक्य मी इतक्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की मी फाटकातून आत येताना दिसले तरी लोक मागच्या दाराने सटकतात.

पाट्या लावून झाल्या, शाळेत भाषणं झाली, ढिम्म. शेवटी गावचे महादेवराव मदतीला आले. वांगी-मिरचीचे बागाईतदार, गावात त्यांचा शब्द चालतो. म्हणाले, "मॅडम, पाट्या कोन वाचते? देवापाशी बोला. आमच्या गावात बेलभंडार उचलला का मंग बाप आला तरी मोडत नाई."

आणि खरंच, घरटी एक माणूस आलं. पाच वर्षं वरच्या माळावर जनावर चढणार नाही, गवताला विळा लागणार नाही. सगळ्यांनी उचलला, मीही उचलला.

सगळं आटोपल्यावर अन्नपूर्णाबाई थांबून राहिल्या. एकट्या राहतात, नवरा वारला, गावातला बकऱ्यांचा सगळ्यात मोठा कळप त्यांचा. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "मॅडम, माह्या बकऱ्यायनं लय खाल्ल्या असतीन तुमच्या दिवट्या. मुका जीव हाय, त्याले काय समजते. माफी करा."

मी त्यांचा हात धरून म्हटलं, "झालं गेलं गंगेला मिळालं. केलं तुम्हाला माफ." बाईंना फार बरं वाटलेलं दिसलं. मलाही वाटलं.

१० सप्टेंबर २०२३

माळावर पासष्टच्या वर दिवट्या! नीट मोजवेना, मध्येच डोळे भरून यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. एका फुलाशी पोटावर पडून राहिले. चिलटाएवढी माशी आत शिरली, आतल्या केसांमुळे अडकली. उद्या ते केस वाळले की सुटेल आणि परागकण घेऊन शेजारणीकडे जाईल. कसली युक्ती आहे! नवऱ्यांसाठी असं काही असायला हवं होतं.

उतरताना कळलं की अन्नपूर्णाबाईंनी बकऱ्या विकल्या. खाली गावात चारायला जागा नाही, बांधावर नेल्या की भांडणं होतात. आता मिरच्या तोडायला जातात म्हणे. चांगलं झालं, निदान सावलीला बसून जेवायला तरी मिळत असेल.

२८ जुलै २०२४

वरचा माळ ओळखू येत नाही. एवढा हिरवा मी तो कधी पाहिलेला नाही. गवत गुडघ्याच्या वर, वाऱ्याने लाटा उठतात. महादेवराव मला एखादी सून दाखवावी तसा माळ दाखवत होते. "पाहा मॅडम, एक काडी मोडली नाई कोनी." वर्तमानपत्रवाला पोरगा आला होता, त्याने आमचा फोटो काढला. पाठीमागे गवत, पुढे आम्ही.

दिवटी अजून दिसत नाही. पाऊस उशिरा झाला. येईल.

१८ ऑगस्ट २०२४

एकोणीस. सबंध माळ पालथा घातला, एकोणीसच.

उशिराचा पाऊस हे एक कारण. पण मला दुसराच वास येतोय. हल्ली शहरातल्या लोकांना अशा झाडांचं वेड लागलंय, कंद उकरून कुंडीत लावतात आणि इंटरनेटवर मिरवतात. वर्तमानपत्रात गावाचं नाव छापून आलं, ती चूकच झाली. महादेवरावांना सांगितलं की बाहेरचं कोणी दिसलं तर हटकायचं.

एक गंमत झाली. माळाच्या काठाने खालच्या नाल्यावर जाणारी गुरवाट आहे. ती शपथेत येत नाही, गुरं तिथून पाण्याला जातात. त्या वाटेच्या कडेला, खुरांनी तुडवलेल्या मातीत, एक दिवटी उभी होती. सगळ्यांत टवटवीत, दोन फुलं आणि शिंगांसारखी शेंगांची जोडीसुद्धा धरलेली. बिचारी! एवढा राखलेला माळ सोडून नेमकी गुरांच्या पायात जाऊन उगवली. मी तासभर खपून तिच्याभोवती बोराटीच्या काट्यांचं दाट कुंपण केलं. आता कोणाची बिशाद नाही तिच्यापर्यंत पोचायची.

२ सप्टेंबर २०२४, पोळा

आज अन्नपूर्णाबाई वरच्या माळावर दिसल्या. एकट्याच, काठावर उभ्या. माझ्या डोक्यात नको ते आलं आणि मी दुरूनच ओरडले, "बाई, इथे काय करताय?"

"काई नाई वं मॅडम."

"काही नाही म्हणजे? शपथ घेतली आहे ना आपण?"

त्या हातातली रिकामी काठी दाखवत म्हणाल्या, "बकऱ्या तं इकल्या. पन पाय येतेत इकडं. सकाऊन उठली का पायच येतेत."

मी त्यांना समजावलं की तुम्हीच असं केलंत तर बाकीच्यांना कोण अडवणार. त्यांनी मान डोलावली आणि उतरून गेल्या. रात्री जेवताना शेखरला सांगितलं तर तो ताटातली पोळी मोडत राहिला. मग म्हणाला, "मंजू, तू ना, कधी कधी मुख्याध्यापिका होतेस." मी कधीच मुख्याध्यापिका नव्हते. ह्याला काय म्हणायचंय कोण जाणे.

२० जुलै २०२५

गवत माझ्या कमरेच्या वर. खाली गेल्या दोन वर्षांचं वाळलेलं गवत गादीसारखं पसरलंय, चालताना पाय दबतो. पाऊस वेळेवर आहे, चोख आहे. दिवटीचा पत्ता नाही.

काट्याच्या कुंपणात पाहिलं. आत गवताचा भारा उभा आहे, दुसरं काही नाही. कुंपण जसंच्या तसं, म्हणजे चोर नाही.

घरी आल्यावर दोनदा चहा केला आणि दोन्हीदा गॅसवरच विसरले. मला भीती वाटते आहे.

३ ऑगस्ट २०२५

दिवसभर लिहायचं टाळलं. तरी लिहिते.

सकाळी वर गेले. जिथे सगळ्यात दाट दिवट्या असायच्या त्या जागेवर गुडघे टेकून बसले, दोन्ही हातांनी गवत फाकवलं, खालची वाळकी गादी उचलली. आत अंधार होता. भर सकाळी, उघड्या माळावर, गवताच्या बुडाशी अंधार आणि कुबट ओल. आणि त्या अंधारात एक पांढरा, सुतासारखा कोंब आडवा पडलेला. पान नाही, रंग नाही. मी बोटाने माती बाजूला केली. कंद वाळक्या वाटाण्याएवढा झाला होता.

मी तिथेच बसून राहिले. शेजारी आणखी दोन मिळाले, तसेच. एक हात लावताच चिरडला गेला.

उजेड! सहावीच्या मुलाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. वीतभर झाड कमरेएवढ्या गवतात काय करणार? पूर्वी माळावर गवत वाढायचंच नाही, कारण बकऱ्या ते वाढू देत नव्हत्या. आणि ती चिलटाएवढी माशी? ती लेंड्यांवर, शेणावर जगणारी. जनावरं गेली, माशा गेल्या, बी धरणं थांबलं. गुरवाटेवरची ती एकटी टवटवीत होती, ती बिचारी वगैरे काही नव्हती. ती मला सांगत होती आणि मी तिच्याभोवती काटे रचले.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. आणि फाशी देताना संन्याशाला वर माफही केलं.

शेखरला सगळं सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

५ ऑगस्ट २०२५

देवेशला फोन केला. माझाच विद्यार्थी, पुण्यात अशाच झाडांवर काम करतो. मी लक्षणं सांगत होते, तो हुं हुं करत होता. मग त्याने विचारलं, "मॅडम, चराई कधी बंद केली?"

मी वर्ष सांगितलं.

"अजून वेळ आहे का?" मी विचारलं.

"ह्या पावसाळ्यात गवत निघालं आणि कंदांना उरलेल्या दिवसांत ऊन मिळालं तर काही तगतील. पुढच्या वर्षावर ढकललंत तर मग काही सांगू नका मला." नंतर त्याला वाटलं असावं की आपण फार बोललो. "मॅडम, चुका होतात," म्हणाला. माझ्या विद्यार्थ्याने मला गुण वाढवून द्यावेत तसं वाटलं.

म्हणजे आता हाच पावसाळा, आणि शपथेची तीन वर्षं बाकी.

११ ऑगस्ट २०२५

महादेवरावांच्या ओसरीवर बसून आले. त्यांच्या सुनेने, छायाने, चहा दिला, पोहे दिले, सगळा पाहुणचार केला. मी म्हटलं, "महादेवराव, माळावरचं गवत फार झालंय. ह्या वर्षी कापायला हवं."

ते आधी हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. "मॅडम, बेलभंडार उचलला हाय."

"माहीत आहे. मीही उचलला आहे."

"मंग?"

मी परिसंस्थेबद्दल बोलू लागले. समतोल, गवताची घनता, असं काहीबाही. माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं. 'माझी चूक झाली' एवढे तीन शब्द काही केल्या ओठाबाहेर येईनात.

ते म्हणाले, "मागच्या साली आमची म्हैस चुकून वर गेल्ती. त्याच हप्त्यात माह्या पोराचा पाय मोडला." मुलगा मोटारसायकलवरून पडला होता. "तुमी मना, योगायोग हाय. पन मी पाहून राह्यलो न. एका मानसानं मोडली तं त्याच्या घरावर येते. साऱ्या गावानं मोडली तं? अन् तुमीच आमाले हे सांगतलं होतं ना, का गवताच्या काडीले हात लावू नका?"

मीच सांगितलं होतं. करायला गेले गणपती, झालं माकड. मुळात मला शपथेवर विश्वासच नव्हता, मी ती एक सोय म्हणून घेतली. त्यांनी ती शपथ म्हणून घेतली.

शेवटी माझी अवस्था बघून म्हणाले, "पुढच्या सोमवारी देवाले विचारू. त्यानं सोडलं तं सोडू."

१८ ऑगस्ट २०२५, शेवटचा श्रावण सोमवार

देवाला विचारायची इथली रीत अशी. दोन कण्हेरीची फुलं, एक पांढरं, एक लाल. दोन्ही वडाच्या पानात सारखी बांधून पिंडीवर ठेवायची. गुरव डोळे मिटून एक उचलतो. पांढरं निघालं तर मोकळीक, लाल निघालं तर शपथ कायम.

पुड्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. महादेवराव सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम बांधतीन. त्या खोटं करनार नाईत."

मी गाभाऱ्याच्या कोपऱ्यात पाठमोरी बसले. समोर परडी, परडीत पांढऱ्या कण्हेरीचा ढीग. दोन पानं. कोणी बघत नव्हतं. दोन्हीत पांढरं घातलं असतं तर उद्या सकाळी सगळं गाव विळे घेऊन वर गेलं असतं. न उघडलेली पुडी नाल्यात सोडतात, कोणाला कधी कळलं नसतं. देवाला कळलं असतं म्हणावं तर मी देव मानत नाही.

एका पानात पांढरं ठेवलं. दुसऱ्या पानावरही पांढरंच ठेवलं. मग ते काढलं आणि लाल ठेवलं. का, ते मला आताही सांगता येत नाही.

लाल निघालं.

सभामंडपात सगळ्यांनी हात जोडले. अन्नपूर्णाबाई खांबाशी बसल्या होत्या, त्यांनीही जोडले. गावाने मला धीर दिला. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, देव राखते तुमच्या दिवटीले, काळजी नका करू." मी होय म्हटलं आणि बाहेर येऊन चप्पल शोधत राहिले. चप्पल समोरच होती.

१९ ऑगस्ट २०२५

मूर्ख बाई. मूर्ख, मूर्ख बाई. एक फूल बदलायचं होतं फक्त.

२४ ऑगस्ट २०२५

काल बाजारातून विळा आणला. शेखर म्हणाला, "मी येतो कापायला." मी म्हटलं, "शपथ मी घेतली आहे, तू नाहीस." तरी त्याने गाडी काढली आणि पायथ्याशी गाडीतच बसून राहिला.

लपून जायचं नव्हतं. भर गावातून विळा हातात घेऊन गेले. पारावर कोणी विचारलं, "मॅडम, कुठं?" म्हटलं, "गवत कापायला." कोणी अडवलं नाही, कोणी मागेही आलं नाही. छायाने मात्र पोराला ओढून घरात नेलं आणि दार लावून घेतलं. ते फार लागलं.

विळा कसा धरतात हेही मला येत नाही. गवत जाड, दांडे लाकडासारखे. हाताला फोड आले, डाव्या अंगठ्यावर कापून घेतलं. ऊन चढेपर्यंत आमच्या स्वयंपाकघराएवढी जागा मोकळी झाली. खालची कुजकी गादी हातांनी ओढून काढली. मग ओणवी होऊन बोटाबोटाने जमीन तपासली. काही नाही. सुतासारखा कोंबसुद्धा नाही. काळी, ओली, रिकामी जमीन.

मी रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखी.

किती वेळाने कोण जाणे, मागे कोणीतरी बसलेलं जाणवलं. अन्नपूर्णाबाई.

"मी आडवाले नाई आली," त्या म्हणाल्या. "लपून केलं असं उद्या कोनी मनू नये, मनून बसली." मग माझा अंगठा पाहून पदराची चिंधी फाडून बांधली. जरा वेळाने म्हणाल्या, "एक सांगा मॅडम. आंधी मने गवत राखा, आता मने कापा. असं काऊन?"

देवळात, ओसरीवर, सगळीकडे मी शब्दांची भिंत उभी केली होती ती ह्याच प्रश्नासाठी. ह्याच बाईला उत्तर द्यावं लागू नये म्हणून. आता भिंत रचायलाही ताकद नव्हती.

"तुमच्या बकऱ्या गवत खायच्या म्हणून दिवटीला ऊन मिळायचं," मी म्हटलं. "त्यांच्या लेंड्यांवरच्या माश्या फुलात जायच्या म्हणून बी धरायचं. बकऱ्या गेल्या म्हणून दिवटी गेली. मी घालवली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"माह्या बकऱ्यायनं खाल्ल्या नाई?"

"एखादी खाल्ली असेल. पण जगवल्या त्यांनीच."

"दोन सालं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "दोन सालं मी देवापुढं नाक घासून राह्यली, का माह्या जनावरायनं पाप केलं. एकेकीचं नाव घेऊन माफी मांगली. मंग तवा तुमी मले माफ काऊन केलं मॅडम? कायचं माफ केलं?"

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. उठल्या, लुगडं झटकलं आणि उतरून गेल्या.

२५ ऑगस्ट २०२५

अंथरुणातून उठले नाही. ताप नाही. शेखरने वरण-भात केला, करपलेला. मी तो मुकाट्याने खाल्ला ह्याचीच त्याला जास्त काळजी वाटली. माझ्या आयुष्यात मी दोन गोष्टी जगवायला निघाले होते, एक फूल आणि त्या फुलामागे गाव. एक मेलं आहे. दुसऱ्याच्या तोंडासमोर जायची हिंमत नाही.

२८ ऑगस्ट २०२५

सकाळी महादेवरावांचा फोन. "मॅडम, लवकर या. अन्नपूर्णानं गाव डोक्यावर घेतलं."

शेखरने गाडी अशी हाकली की देऊळघाटच्या वळणावर मी तीन देवांची नावं घेतली. गणपती बसून एकच दिवस झालेला, देवळासमोर मांडव, त्या मांडवाखाली सगळं गाव. मधोमध अन्नपूर्णाबाई आणि त्यांच्या हातातल्या दोराला चार बकऱ्या. देऊळघाटला बहीण असते, तिच्याकडून आणलेल्या.

मला पाहताच म्हणाल्या, "आल्या. आता सांगा मॅडम. मले वर सांगतलं ते साऱ्यायले सांगा. देवाले बी आयकू द्या."

गर्दी सरकली. महादेवराव मान खाली घालून उभे होते. मी गाभाऱ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि ह्या वेळी परिसंस्था वगैरे एक शब्द काढला नाही. म्हटलं, "माझी चूक झाली. मला वाटलं बकऱ्या दिवटी खातात. खरं म्हणजे बकऱ्यांमुळेच ती होती. मी तुमच्याकडून शपथ घेतली ती चुकीची होती. तुम्ही ती पाळलीत, म्हणून दिवटी मेली. दोष तुमचा नाही, अन्नपूर्णाबाईंच्या बकऱ्यांचा नाही. माझा आहे. शपथ मोडल्याचं जे काही यायचं ते माझ्या माथी येऊ दे."

"तुमच्या माथी काऊन?" अन्नपूर्णाबाई तडकल्या. "बकऱ्या मी नेऊन राह्यली. मी बोलीन त्याच्यासंग." आणि पिंडीकडे बघून, शेजाऱ्याशी बोलावं तशा म्हणाल्या, "आयकलं ना रे बापा? माह्या बकऱ्यायनं काई केलं नोतं."

मग दोर ओढून निघाल्या.

महादेवरावांनी त्यांना अडवलं नाही. वाटही दिली नाही. वाटेत उभे होते तसेच उभे राहिले, बकऱ्या दोन्ही बाजूंनी त्यांच्या धोतराला घासून पुढे गेल्या. मग ते देवळाच्या पायरीवर जाऊन बसले, रस्त्याकडे पाठ करून. मी जवळ जाऊन काही बोलणार होते. ते म्हणाले, "जा मॅडम. मले आता काई सांगू नका." गाडीत पडलेला विळा घेऊन मी बाईंच्या मागे निघाले. बाकी कोणी वर आलं नाही.

माळावर पोचलो आणि बकऱ्यांनी गवत हुंगून तोंड फिरवलं. एकीने शेंडा चावला, थुंकला. मी हवालदिल झाले. अन्नपूर्णाबाईंनी एक दांडा मोडून पाहिला. "जरड झालं. हे आता बकरी तोंडात नाई धरत. कापा लागते, मंग जे कवळं फुटन ते खातीन." त्यांनी बकऱ्या बोरीला बांधल्या, माझ्या हातातून विळा घेतला आणि खाली बसून कापायला लागल्या. मी मागे गवत उचलत राहिले.

दुपारपर्यंत माझ्या त्या दिवशीच्या जागेच्या चौपट जागा उघडी झाली. कंद असे दिसले नाहीत. उकरून पाहायचं नाही असं देवेशने बजावलं आहे, म्हणून उकरलं नाही. असतील नसतील, पुढच्या आषाढाशिवाय कळायचं नाही. आतून मला वाटतं की नाहीत. खोटं कशाला लिहू.

उतरताना मी त्यांना म्हटलं, "पुढच्या वर्षी दिवटी नाही उगवली तरी बकऱ्या मात्र ठेवा हं, बाई."

त्या थांबल्या. बहिणीकडच्या त्या चार बकऱ्या त्यांच्या पायात घुटमळत होत्या, त्यांतल्या काळीच्या कानामागे त्या खाजवत होत्या.

"ठेवीनच," म्हणाल्या. "त्या काई तुमच्या फुलासाठी नाईत."

आणि दोर सैल सोडून माझ्यापुढे चालू लागल्या.